विद्या आणि कला यांची ताटातूट कोठवर?

मराठीत ‘कला शाखा’ असा एक शब्द रूढ आहे. बारावीनंतर विज्ञान किंवा वाणिज्य न घेणारा विद्यार्थी कला शाखेत जातो आणि तीन वर्षांनी ‘कला पदवीधर’ होऊन बाहेर पडतो. या काळात त्याच्या हाती कुंचला येत नाही, गळ्यावर सूर चढत नाही, पायांत घुंगरू बांधले जात नाहीत. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषा यांच्या परीक्षा देऊन तो कलेचा पदवीधर ठरतो. दुसरीकडे जो विद्यार्थी खरोखरच चित्र, शिल्प वा संगीत यांची साधना करतो, त्याला इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकविण्याची कुणाला गरज वाटत नाही. इंग्रजीतील एका शब्दाचे भाषांतर करताना झालेली ही केवळ गंमत असती, तर हसून सोडून देता आली असती. परंतु या शब्दामागे एक फाळणी दडलेली आहे, आणि तिची किंमत महाराष्ट्र दीडशेहून अधिक वर्षे मोजत आहे.

या फाळणीची खूण नागपूरच्या इतिहासातही सापडते. १८८५ साली मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर जॉन मॉरिस यांच्या नावाने नागपुरात एक महाविद्यालय सुरू झाले. संस्कृत, इतिहास, तत्त्वज्ञान, इंग्रजी वाङ्मय यांच्या अध्यापनासाठी ‘मॉरिस कॉलेज’ सबंध मध्य प्रांतात नावाजले गेले. पुढे १९२६ साली लखनौला संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने दुसरे एक महाविद्यालय निघाले. ते संगीताचे होते आणि त्याच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची तपश्चर्या होती. एक मॉरिस, दुसरे मॅरिस. एकात बुद्धीची मशागत, दुसऱ्यात सुरांची. आज नागपूरचे मॉरिस ‘वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था’ या नावाने ओळखले जाते आणि लखनौचे मॅरिस भातखंडे यांच्या नावाचे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. साहेबांची नावे गेली. साहेबांनी आखलेली रेघ मात्र जागच्या जागी आहे.

एकाच वर्षी, एकाच शहरात, पण वेगळे

ही रेघ कशी पडली, हे मुंबईत पाहावे. १८५७ हे वर्ष स्वातंत्र्यसमरासाठी सर्वांच्या लक्षात असते. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. दोन्ही संस्था सरकारच्या छत्राखालील, दोन्ही एकाच वयाच्या. तरीही त्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यावी, असे राज्यकर्त्यांना वाटले नाही. त्याचे कारण त्यांच्या हेतूत होते. विद्यापीठातून त्यांना कचेऱ्या आणि न्यायालये चालविणारा शिक्षित वर्ग हवा होता. कलाशाळेतून हुन्नर शिकलेले कारागीर हवे होते. डोके एका इमारतीत, हात दुसऱ्या इमारतीत, अशी ही वाटणी झाली. संगीताला आणि नृत्याला तर दोन्ही इमारतींत जागा नव्हती. ते संस्थानिकांच्या दरबारात, घराण्यांच्या बैठकीत आणि देवळांच्या सभामंडपात जगले.

राज्यकर्ते गेल्यावर ही वाटणी पुसली जाईल, अशी अपेक्षा रास्त होती. प्रत्यक्षात स्वतंत्र महाराष्ट्रात तिच्यावर प्रशासनाची मोहोर उमटली. कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये उच्च शिक्षण संचालनालयाकडे गेली, चित्र-शिल्पाच्या शिक्षणासाठी १९६५ साली वेगळे कला संचालनालय झाले, आणि नाट्यस्पर्धा, महोत्सव, कलावंतांचे मानधन हे विषय सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे राहिले. एकाच विद्येच्या तीन फायली तीन टेबलांवर फिरू लागल्या. संगीत शिकणाऱ्या बहुसंख्य मुलांचा आधार आजही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या बिनसरकारी संस्थांच्या परीक्षा हाच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला लावलेल्या रोपट्याचा हा विस्तार आहे. त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु ‘विशारद’ होणारा विद्यार्थी संध्याकाळी गाणे शिकतो आणि दिवसा पोटापाण्याची दुसरी पदवी घेतो, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

परंपरा काय सांगते?

कला आणि विद्या यांची अशी वाटणी भारतीय परंपरेला ठाऊक नव्हती. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडात राजा वज्र आणि मार्कंडेय ऋषी यांचा एक संवाद आहे. राजाला मूर्ती घडविण्याचे शास्त्र शिकायचे आहे. ऋषी सांगतात, आधी चित्रकला शिकावी लागेल. राजा चित्रकला मागतो, तर तिच्यासाठी नृत्य जाणावे लागेल, असे उत्तर मिळते. नृत्यासाठी वाद्यांचे ज्ञान हवे आणि वाद्यांसाठी गायनाचे. गायनाच्या विवेचनात भाषेचा आणि छंदाचा विचार ओघानेच येतो. ज्याला आजच्या परिभाषेत ‘आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम’ असे जड नाव दिले जाते, त्याचा आराखडा या छोट्या संवादात आहे. त्यात कोणतीही कला दुसरीवाचून पुरी होत नाही आणि कोणतीही कला शास्त्रावाचून उभी राहत नाही.

विदर्भाच्या भूमीत तर याचा पुरावा दगडावर आहे. नागपूरजवळचे नगरधन हे वाकाटकांचे नंदिवर्धन. याच राजकुळातील दुसऱ्या प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य रचले आणि याच कुळाच्या वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची लेणी बहरली. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे खोदविल्याचे नमूद आहे. मंत्री, कवी, स्थपती, चित्रकार आणि भिक्षू हे सारे एकाच जगात वावरत होते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आधुनिक काळात अजिंठ्याचे काय झाले? १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रेषा आणि रंग यांचा तो असामान्य अभ्यास होता. तेथील शिलालेखांचे मर्म उलगडण्याचे काम मात्र वेगळ्या वाटेने झाले. त्यातील अग्रणी नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, पुढे तेथील प्राचार्यही झाले. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला बृहद्ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मतही त्यांनी साधार मांडले. एका संस्थेने अजिंठ्याची चित्रे पाहिली, दुसरीतल्या पंडिताने तेथील अक्षरे वाचली. चित्र काढणाऱ्या मुलाला ती अक्षरे वाचता यावीत आणि अक्षरे वाचणाऱ्याला ती रेषा ओढता यावी, अशी सोय मात्र कोणत्याही संस्थेत नव्हती. ती आजही नाही.

जेथे गाठ पडली तेथे काय घडले

ही गाठ पडते तेव्हा काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण स्वतः भातखंडे हेच आहेत. ते मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतलेले वकील. संस्कृत येत असल्यामुळे त्यांना जुने संगीतग्रंथ वाचता आले. संगीताचे शिक्षण घेतले असल्यामुळे त्या ग्रंथांतले कोणते शास्त्र प्रचारात जिवंत आहे आणि कोणते नाही, हे त्यांना पारखता आले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा संवादरूप ग्रंथ मराठीत आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला पाहिजे. केवळ पंडिताला तो लिहिता आला नसता आणि केवळ गवयालाही नाही.

त्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले गायक होते. लखनौच्या महाविद्यालयाची धुरा त्यांनी जवळजवळ तीन दशके वाहिली. कृ. गुं. गिंडे यांच्यासारखा शिष्य बालवयातच त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या घरी राहून शिकला. म्हणजे दिवसा महाविद्यालय आणि उरलेल्या वेळी गुरुकुल. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग ही सारी मंडळी त्याच मुशीतून बाहेर पडली. ‘कॉलेजात गवई घडत नाही’ असे म्हणणाऱ्यांना या नावांचे स्मरण करून द्यावे.

बडोद्याचे उदाहरण तर मराठी माणसाच्या घरचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ साली सुरू झाली आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यालाच भरली. स्वातंत्र्यानंतर महाराजांच्या नावाने जे विद्यापीठ निघाले, त्याने १९५० साली ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा काढली. विज्ञान, मानव्यविद्या, चित्र-शिल्प आणि संगीत-नृत्य-नाट्य हे सारे एकाच सार्वजनिक विद्यापीठाच्या परिसरात आले. ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवीत असत. त्या विद्याशाखेने देशाच्या आधुनिक चित्रकलेला जे दिले, ते सर्वश्रुत आहे. त्याआधी बंगालमध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन उभारून हीच दिशा दाखविली होती.

परदेशातही हा विचार उशिरा का होईना रुजला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९६७ साली पर्चेस येथे आपल्या राज्य विद्यापीठाचे एक महाविद्यालय स्थापन केले. संगीत, नाट्य, नृत्य यांचे पूर्णवेळ, कसून दिले जाणारे शिक्षण आणि त्याच आवारात मानव्यविद्या व विज्ञान, हे त्याचे सूत्र आहे. मुख्य म्हणजे ते सरकारी आहे. श्रीमंतांच्या मुलांना मिळणारे शिक्षण सामान्य करदात्याच्या मुलालाही मिळावे, हा त्यामागचा हेतू आहे.

नागपूरने दिले आणि नागपूरला अंतरले

या संदर्भात नागपूरकरांना फारसे ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे देशातील कलांच्या पहिल्या विद्यापीठांपैकी एक. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि त्यात हे विद्यापीठ सुरू झाले. त्यासाठीचा कायदा १९५६ सालचा, जुन्या मध्य प्रदेश राज्याचा. आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. विद्यापीठाचे उद्घाटन १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाले. नेमक्या त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि खैरागड नव्या मध्य प्रदेशात राहिले. २००० पासून ते छत्तीसगडमध्ये आहे.

रातंजनकरांनी लखनौनंतर याच विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. संगीत, नृत्य, नाट्य, चित्र यांच्या जोडीने साहित्य आणि प्राचीन भारतीय इतिहास शिकविणारे हे सरकारी विद्यापीठ नागपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. ज्या नागपुरातून त्याचा कायदा झाला, त्या नागपुरात मात्र तशी संस्था नाही.

संस्था नसूनही विदर्भाने कलावंत दिले. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांना नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे मिळाले. पुढे या अलौकिक गायकाला आयुष्याचा मोठा काळ संरक्षण खात्याच्या हिशेब कचेरीत नोकरी करावी लागली. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत ते उभे राहिले आणि ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हेही नागपूरचेच. ‘वाडा चिरेबंदी’चे नाटककार महेश एलकुंचवार यांनी नागपुरात इंग्रजी शिकवीत आपले लेखन केले. वर्गात वाङ्मय आणि वर्गाबाहेर रंगभूमी, अशी त्यांची दोन जगे स्वतःच्या बळावर जोडलेली होती. ही नावे घेऊन विदर्भ मिरवतो. परंतु प्रतिभावंत आपला मार्ग काढतातच, हे वाक्य व्यवस्थेने स्वतःच्या आळसासाठी वापरू नये. जे मार्ग काढू शकले नाहीत, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नसतात.

अशी माणसे पाहायची असतील तर झाडीपट्टीत जावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटके रंगतात. वडसा हे त्यांचे केंद्र. अनुदानाविना, जाणकारांच्या कौतुकाविना ही रंगभूमी लोकाश्रयावर जिवंत आहे. तिच्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले. या रंगभूमीवर काम करणाऱ्या ब्रह्मपुरी वा सिंदेवाहीकडच्या तरुणाचा विचार करावा. नाटकांचा हंगाम आणि महाविद्यालयाचे हिवाळी सत्र नेमके एकाच वेळी येतात. रात्री प्रयोग आणि सकाळी हजेरी हे जमत नाही. त्याला दोहोंतून एक निवडावे लागते. पदवी निवडली तर रंगभूमी सुटते. रंगभूमी निवडली तर चाळिशीनंतर हाती काही उरत नाही. लोकनाट्याचा जिवंत अनुभव गाठीशी असलेला हा मुलगा विद्यापीठाच्या लेखी केवळ ‘अनुपस्थित’ असतो.

नव्या धोरणाची संधी आणि तिच्यातील फसगत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विद्या यांच्यातील भिंत पाडण्याचा उच्चार स्पष्टपणे केला आहे. महाराष्ट्रात ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. विषयनिवडीचे स्वातंत्र्य, श्रेयांकांची बँक, चार वर्षांची पदवी या सुविधा आल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिली. त्याच वर्षी पदवी नसलेल्या, परंतु आपल्या क्षेत्रात सिद्ध झालेल्या व्यक्तींना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमण्याची वाट मोकळी केली. भातखंडे यांच्या काळात ज्या गोष्टीसाठी राजेरजवाड्यांचा आश्रय शोधावा लागला, तिला आज नियमांचा आधार आहे.

तरीही येथे एक फसगत संभवते. कलेचे दोन श्रेयांकांचे एखादे ऐच्छिक प्रात्यक्षिक वेळापत्रकात घातले की धोरण राबविले, असा समज पसरत आहे. याचा हिशेब सोपा आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांक म्हणजे सबंध सत्रात ६० तास. रोज चार तास रियाज करणारा विद्यार्थी ६० तास पंधरा दिवसांत पुरे करतो. पंधरा दिवसांच्या रियाजात गायक घडत नाही, एवढे समजायला तज्ज्ञांची समिती नको. अशा विषयाने रसिकता थोडीफार वाढेल आणि तेही चांगलेच आहे. पण त्याला कलाशिक्षण म्हणता येणार नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक धरले आणि त्यांतील निम्मे, म्हणजे ८०, साधनेला दिले, तर २४०० तास होतात. पंधरा आठवड्यांची आठ सत्रे म्हणजे १२० आठवडे. याचा अर्थ आठवड्याला २० तास गुरूच्या देखरेखीखाली तालीम, रेखाटन किंवा रंगमंचावरील काम. उरलेल्या ८० श्रेयांकांचे १२०० तास, म्हणजे आठवड्याला १० तास भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र. आठवड्याचे ३० तास कोणत्याही महाविद्यालयाला अवघड नाहीत. साधनेत तडजोड न करता आणि विद्येत कसर न ठेवता हे घडू शकते. कायदा आडवा येत नाही, घड्याळही येत नाही. आडवी येते ती मानसिकता.

आक्षेपांचा विचार

या कल्पनेवर तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे. पहिला आक्षेप गुरु-शिष्य परंपरेचा. कला गुरूच्या सहवासात येते, सरकारी वर्गात नाही, असे अनेक ज्येष्ठ कलावंत म्हणतात. त्यात तथ्य आहे. सरकारी नेमणूक, बदली आणि निवृत्ती यांच्या चक्रात गुरू सापडत नाही. परंतु त्यावरचा उपाय पुणे विद्यापीठाने १९८७ साली स्थापन केलेल्या ललित कला केंद्राने दाखविला आहे. ते ‘गुरुकुल’ म्हणूनच ओळखले जाते आणि संगीत, नृत्य, नाट्य यांची पदवी देते. विद्यापीठाने पदवी द्यावी आणि विद्यार्थ्याला गुरूकडे सोपवावे, ही रीत महाराष्ट्रातच रुजली आहे. नागपुरात मुख्यालय असलेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे आणि गुरु-शिष्य परंपरेची योजनाही राबविते. तिची सांगड महाविद्यालयाच्या श्रेयांकांशी घालणे हे कागदावरचे काम आहे.

दुसरा आक्षेप उदरनिर्वाहाचा. कला शिकून मुलगा खाणार काय, हा मध्यमवर्गीय बापाचा प्रश्न चुकीचा नाही. नेमका त्याचसाठी हा संयोग हवा. केवळ गाता येणारा मुलगा मैफल न मिळाल्यास निराधार होतो. गाता येणारा, लिहिता येणारा, इतिहास जाणणारा आणि भाषांवर हुकमत असलेला मुलगा शिक्षक, संपादक, संग्रहालयाचा अभिरक्षक, नभोवाणीचा निर्माता, संशोधक यांपैकी काहीही होऊ शकतो आणि तरीही गायक राहू शकतो. वसंतरावांना हिशेब कचेरी पत्करावी लागली, कारण त्यांच्या काळात कलावंताला कलेच्या आसपासचा व्यवसाय देईल असे शिक्षणच नव्हते.

तिसरा आक्षेप पैशाचा. खासगी विद्यापीठांनी अलीकडे असे अभ्यासक्रम काढले आहेत, मग शासनाने भार का उचलावा, असे विचारले जाते. या विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात असते. कलेचा वारसा ज्या घरांत अजून जिवंत आहे, ती घरे गोंधळी, भजनी, दंडारकरी, मूर्तिकार आणि झाडीपट्टीतील नटांची आहेत. हे शुल्क त्यांच्या आवाक्यातले नाही. शिक्षण खासगी राहिले तर पिढ्यान्‌पिढ्या कला जपणारे बाहेर राहतील आणि ती विकत घेऊ शकणारे आत जातील. समाजाच्या एकात्मतेची काळजी वाहणाऱ्या कोणालाही हे मान्य होता कामा नये.

नागपुरात काय करता येईल?

नागपुरात नवी इमारत बांधण्याची गरज नाही. सीताबर्डीला मॉरिसची शासकीय संस्था आहे. शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या, आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात ललित कला विभाग आहे. १८६३ साली सुरू झालेले, ‘अजब बंगला’ म्हणून लोकांच्या तोंडी असलेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. वसंतराव देशपांडे आणि सुरेश भट यांच्या नावाची सभागृहे आहेत. रामटेकला १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. एका अखंड विद्या-कला महाविद्यालयाचे सगळे अवयव येथे आहेत. त्यांना जोडणाऱ्या नसा तेवढ्या नाहीत.

त्यासाठी पहिले पाऊल एवढेच की दोन्ही शासकीय महाविद्यालयांचा एक संयुक्त चार वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठाने मंजूर करावा. दोन्ही संस्था उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्याच अखत्यारीत आहेत. दोन संचालकांनी एका टेबलाशी बसण्याचा हा प्रश्न आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने सौंदर्यशास्त्र, इतिहास आणि संस्कृत मॉरिसमध्ये शिकावे आणि मॉरिसच्या विद्यार्थ्याला चित्र-शिल्पाच्या कार्यशाळेचे दार उघडे असावे. दुसरे पाऊल संगीत आणि नाट्य यांसाठी गुरूंच्या नेमणुकांचे. त्यांत झाडीपट्टीच्या नटाला आणि भजनी मंडळातील मृदंगवादकाला शास्त्रीय गायकाइतकाच मान असावा. तिसरे पाऊल वेळापत्रकाचे. झाडीपट्टीचा हंगाम हेच त्या विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिक सत्र मानून त्याचे श्रेयांक द्यावेत आणि पुस्तकी विषय पावसाळी सत्रात घ्यावेत. चौथे पाऊल शासकीय कला संस्थांतील रिक्त पदांचे. हा प्रश्न जुना आहे आणि तो सुटल्याशिवाय बाकीचे सारे कागदावरच राहील.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कला, वास्तुकला आणि अभिकल्प त्यामुळे एकत्र आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु मानव्यविद्या तेथेही बाहेरच राहिल्या. १८५७ ची रेघ मुंबईत अजून पुसली गेलेली नाही. ती पुसण्याचा मान नागपूरला घेता येईल.

राजा वज्राने मूर्ती घडविण्याची विद्या मागितली तेव्हा मार्कंडेयांनी त्याला गाण्यापर्यंत नेले. आज विदर्भातील एखादा मुलगा तशीच मागणी घेऊन आला, तर त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठविले जाते आणि शेवटी एकच काहीतरी निवड, असे सांगितले जाते. ही निवड त्याच्यावर लादण्याचे कारण आता उरलेले नाही. धोरण आहे, नियम आहेत, इमारती आहेत, गुरूही आहेत. विदर्भातील शिक्षणसंस्था, कलासंस्था आणि लोकप्रतिनिधी यांनी मिळून ही मागणी शासनाकडे नेली आणि येत्या काही वर्षांत पहिली तुकडी उभी राहिली, तर ‘कला शाखा’ या शब्दाला त्याचा खरा अर्थ प्रथमच लाभेल.